गुप्ततेचं तिकीट

बाळंतपणात फाटलेल्या जागी डॉक्टरांनी टाके घातले, तर त्या बिलावर जीएसटी लागत नाही. त्याच जागी, तशाच विरघळणाऱ्या दोऱ्याने, 'घट्टपणा' यावा म्हणून टाके घातले, तर १८ टक्के लागतो. जन्मजात दोष, वाढीतला बिघाड, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करणारी प्लास्टिक सर्जरी करमुक्त, आणि केवळ रूपासाठी केलेली करपात्र. कागदावर ही रेघ सरळ आहे. पण बाई डॉक्टरांसमोर बसून बोलायला लागते, तेव्हा चालताना होणारा काच, नवऱ्याने कधीतरी मारलेला शेरा, मोबाइलवर पाहिलेलं चित्र आणि तिसऱ्या बाळंतपणानंतर खोकताना निसटणारी लघवी हे सगळं तिच्या एकाच वाक्यात येतं. त्यातला कुठला भाग दुखणं आणि कुठला भाग लाज, हे वेगळं करायला वेळ लागतो. तो वेळ देणारी माणसं कमी आहेत. शस्त्रक्रिया करून देणारी मात्र झपाट्याने वाढली आहेत, आणि त्यांतली बरीचशी विमानाच्या अंतरावर आहेत.

स्त्रियांच्या जननेंद्रियांवरच्या सौंदर्यशस्त्रक्रिया आणि त्यांसाठी होणारा परदेशप्रवास हा विषय मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. तो दूरच्या श्रीमंत देशांचा आहे असं वाटतं. कुर्ल्यात उभं राहून पाहिलं तर तसं वाटत नाही. मध्य आणि हार्बर हे लोकलमार्ग इथे एकत्र येतात, टिळक टर्मिनसवर उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातून गाड्या येतात, आणि ट्रॅफिक नसेल तर सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ अर्ध्या तासात गाठता येतो. महिला डब्याच्या भिंतींवर वर्षानुवर्षं गर्भपाताच्या दवाखान्यांचे स्टिकर चिकटलेले आहेत. कोणाला न कळता, एका दिवसात घरी, हा त्या स्टिकरवरचा निरोप मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी वाचला आहे. आज तोच निरोप बँकॉक आणि इस्तंबूलच्या चकचकीत जाहिरातींत आहे. मुंबईतले खासगी दवाखानेही तो परदेशातल्या बायकांसाठी देतात. या व्यवहारात खरं विकलं जातं ते रूप नव्हे, गुप्तता. आणि जिथे गुप्तता विकत घेतली जाते, तिथे पुढे काही बिघडलं तर तोंड उघडणं अवघड होऊन बसतं.

या शस्त्रक्रियांची नावं इंग्रजीतूनच आली आणि तशीच राहिली. लेबियाप्लास्टीत योनीच्या मुखाशी असलेले आतले ओठ, म्हणजे लघुभगोष्ठ, कापून लहान केले जातात. कधी नुसती कड छाटतात, कधी मधला तिकोनी तुकडा काढून उरलेलं जोडतात. व्हजायनोप्लास्टीत योनीचा मार्ग शिवून अरुंद करतात. हायमेनोप्लास्टीत योनिपटलाचे उरलेसुरले काठ टाक्यांनी जवळ आणले जातात. याखेरीज लेसर आणि रेडिओलहरींची यंत्रं आहेत. त्यांना शस्त्रक्रिया म्हणत नाहीत, म्हणून लोक त्यांना निर्धोक समजतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वण, संवेदना कमी होणं, संबंधाच्या वेळी कायमचं दुखणं हे धोके सर्वांत थोड्याफार प्रमाणात आहेत. वणाचं दुखणं विशेष वाईट, कारण त्या जागी नसांचं दाट जाळं असतं आणि चुकीचा काप परत घेता येत नाही.

सौंदर्यशल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभर दीड लाखाहून अधिक लेबियाप्लास्टी झाल्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१५-१६ या एका वर्षात अठरा वर्षांखालच्या दोनशेहून अधिक मुलींवर ही शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या दीडशेहून अधिक पंधराच्याही आतल्या होत्या. ज्या वयात शरीर अजून घडत असतं, त्या वयात आपलं शरीर चुकीचं आहे असं या मुलींना वाटलं. कशाच्या तुलनेत चुकीचं, हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारायला घेतला. लंडनमध्ये २००५ साली पन्नास स्त्रियांची मोजमापं प्रसिद्ध झाली. लघुभगोष्ठांची रुंदी कुणाची ७ मिलिमीटर, कुणाची ५०. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नमध्ये २०१८ साली ६५७ स्त्रियांची नोंद झाली, वय १५ ते ८४. त्यात लांबी ५ मिलिमीटरपासून १०० मिलिमीटरपर्यंत आढळली. म्हणजे एकीचं दुसरीच्या वीसपट, आणि दोघीही निरोगी. नाकांत, कानांत, बोटांत जेवढा फरक असतो त्याहून जास्त फरक इथे असतो. पण नाकं रस्त्यात दिसतात. हे दिसत नाही, म्हणून मुलगी आपली तुलना पडद्यावरच्या निवडक, छाटलेल्या, रंगवलेल्या देहाशी करते.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच सांगितलं होतं की या शस्त्रक्रिया वैद्यकीय गरजेच्या नाहीत आणि त्यांची सुरक्षितता वा उपयोग सिद्ध झालेला नाही. २०२० मध्ये तिने तोच इशारा नव्याने दिला. ब्रिटिश तज्ज्ञांनी २०१३ मध्ये अठराच्या आत हे करू नये अशी भूमिका घेतली. लेसर यंत्रांबाबत तर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ३० जुलै २०१८ रोजी उघड इशारा दिला: ही यंत्रं पूर्वकर्करोगी पेशी किंवा चामखिळीसारख्या गाठी नष्ट करण्यासाठी मान्य झाली आहेत, 'तारुण्य परत आणण्या'साठी नव्हेत, आणि तशा वापराने भाजणं, वण पडणं, संबंधाच्या वेळी वेदना अशा तक्रारी आल्या आहेत. सात उत्पादकांना पत्रं गेली. मुंबईत आजही या यंत्रांची जाहिरात 'जेवणाच्या सुट्टीत होणारा उपचार' अशी चालते.

मुंबईला ही लाज २०१२ साली दुकानातून मिळायला लागली, असं म्हणता येईल. त्या वर्षी एप्रिलमध्ये 'क्लीन अँड ड्राय' नावाच्या धुण्याच्या द्रवाची जाहिरात टीव्हीवर आली. नवरा बायकोकडे पाहत नाही, मग तिने अंग उजळवलं आणि तो पाहू लागला, असा तिचा मथितार्थ होता. ऑगस्टमध्ये 'एटीन अगेन' हे घट्टपणाचं मलम मुंबईतच बाजारात आलं, आणि जाहिरातीतली साडीतली गृहिणी पुन्हा कुमारिका झाल्यासारखं वाटतं म्हणून नाचली. त्यावर तेव्हा संतापाचे लेख आले. पण एक गोष्ट होऊन गेली होती. ज्या अवयवाला घरात नाव नव्हतं, त्याचा रंग आणि घेर हा चर्चेचा विषय झाला होता, आणि चर्चा सुरू करणारा विक्रेता होता.

मराठीत हे आधी वेगळ्या तोंडून सुरू झालं होतं, ही आठवण इथे ठेवायला हवी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या शरीराविषयीच्या शंकांना ते सरळ शब्दांत उत्तर देत, आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसत. कर्व्यांच्या मृत्यूनंतर एवढ्या उघडपणे, फुकट आणि शास्त्राला धरून बोलणारा मराठी आवाज सातत्याने राहिला असता, तर मलमाला एवढी जागा मिळाली नसती.

प्रवासाचं कारण बहुतेकांना पैसा वाटतं. ते खरं आहे, पण अर्धंच. बँकॉकने आपला लौकिक लिंगबदल शस्त्रक्रियांच्या कौशल्यावर उभारला, आणि त्याच इस्पितळांच्या आधाराने बाकीच्या सौंदर्यशस्त्रक्रिया वाढल्या. इस्तंबूल केसरोपणासाठी ओळखलं जातं. तिथे हॉटेल, गाडी, दुभाषा आणि शस्त्रक्रिया एकाच किमतीत मिळतात. ट्युनिसला फ्रान्समध्ये वाढलेल्या उत्तर आफ्रिकी वंशाच्या तरुणी योनिपटल शिवून घ्यायला जातात. पॅरिसमध्ये हे करता येत नाही असं नाही. पण पॅरिसमध्ये मावसबहिणीची मैत्रीण त्याच दवाखान्यात नर्स असू शकते. एप्रिल २००८ मध्ये फ्रान्समधल्या लील शहराच्या न्यायालयाने वधू कुमारिका नव्हती या कारणाने एक विवाह रद्द ठरवला. नोव्हेंबरमध्ये दुएच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. मधले सात महिने युरोपातल्या अनेक मुलींनी काय विचार केला असेल, हे ट्युनिसच्या विमानांत दिसलं असतं.

भारतात उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांची सरकारी नोंद २०१९ मध्ये सुमारे सात लाखांवर गेली होती. त्यात बांगलादेशी सर्वाधिक. हृदय, कर्करोग, गुडघे ही त्यांची मुख्य कामं. पण जननेंद्रियांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आलेली बाई या नोंदीत क्वचित सापडेल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या बाईकडे ओसीआय कार्ड असतं, तिला वैद्यकीय व्हिसा लागत नाही. ती भावाच्या लग्नाला येते, दिवाळीला येते, आजीला भेटायला येते. तीन आठवड्यांच्या मुक्कामातला एक दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये तिचा पत्ता माहेरचा असतो. म्हणूनच या प्रवासाचा आकडा कुठल्याच देशाकडे नीट नाही, आणि जो कोणी छातीठोक आकडा सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

परतीचा प्रवास मात्र शरीर लपवू देत नाही. शस्त्रक्रियेनंतर तासन् तास बसून राहिलं की पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ताज्या टाक्यांवर आठ तास बसणं ही स्वतंत्र यातना आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी गेलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी २००९ ते २०२२ या काळात ९३ जण दगावल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. मुख्यतः चरबी काढण्याच्या आणि पोट-नितंबांच्या शस्त्रक्रिया, आणि गुठळ्या हे एक मोठं कारण. जननेंद्रियांवरच्या शस्त्रक्रिया त्यामानाने लहान असतात. पण टाका उसवला, पू झाला, ताप चढला, तर तो मुंबईत किंवा मँचेस्टरमध्ये, ज्या घरापासून हे लपवायचं होतं त्याच घरात चढतो. मग ती बाई तपासायला गेली की 'काय झालं' या पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर देते, आणि डॉक्टर चुकीच्या दिशेने शोधू लागतात.

योनिपटलाच्या शस्त्रक्रियेकडे अधिक थांबून पाहायला हवं, कारण तिच्यात सौंदर्याचा अंशही नाही. ती दुसऱ्याने घ्यायच्या परीक्षेची तयारी आहे. आणि ती परीक्षाच खोटी आहे. योनिपटल ही लवचीक, घडीदार, प्रत्येकीत वेगळी असणारी पातळ कड आहे. पहिल्या संबंधात अनेकींना रक्त येतच नाही. पाहून किंवा बोट घालून कौमार्य ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालय आणि स्त्रीविषयक संस्थेसह, ऑक्टोबर २०१८ मध्ये हे सांगून अशा चाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं. इतकंच नव्हे, शिवून घेतल्यावरही लग्नाच्या रात्री रक्त येईलच याची हमी कोणताही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही. म्हणजे मुलगी खोट्या परीक्षेसाठी बेभरवशाची तयारी विकत घेते.

या परीक्षेचा सर्वांत उघड चेहरा महाराष्ट्राने पाहिला आहे. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री वधूवराला खोलीत पाठवून पांढऱ्या चादरीवरचा डाग पंचांपुढे आणायची आणि वराला 'माल खरा की खोटा' असं विचारायची रीत होती. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकणारा, कुर्ल्यापासून हार्बरने तीन स्टेशनांवर असलेल्या त्या आवारात वावरणारा विवेक तमायचीकर आणि त्याचे मित्र याविरुद्ध बोलू लागले. त्यांनी 'स्टॉप द व्ही रिच्युअल' हा व्हॉट्सअॅप गट काढला. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीच्या भाटनगरात एका लग्नात गटातल्या तरुणांना जमावाने मारलं. मे २०१८ मध्ये विवेक आणि ऐश्वर्या यांनी चाचणी नाकारून लग्न केलं. वर्षभराने, मे २०१९ मध्ये, अंबरनाथला विवेकच्या आजीच्या अंत्ययात्रेवर बहिष्कार घातल्याची तक्रार पोलिसांत गेली, आणि सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये गृहराज्यमंत्री रणजित पाटील यांनी कौमार्य चाचणी लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानली जाईल, असं जाहीर केलं होतं. या तरुणांनी जे केलं ते फार मोठं होतं. शिवून घेण्याचा खर्च आणि धोका मुलीने उचलावा, यापेक्षा परीक्षा घेणाऱ्याला जाब विचारावा, असं त्यांनी आपल्याच माणसांना तोंडावर सांगितलं.

पण पंचायत एकटी नव्हती. हीच समजूत वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत छापलेली होती. न्यायवैद्यकशास्त्रात 'कौमार्याची लक्षणं' असा धडा विद्यार्थी पाठ करत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी आधी बलात्कारपीडितेच्या 'दोन बोटांच्या चाचणी'विरुद्ध २०१० पासून झुंज दिली, आणि मग या धड्याविरुद्ध. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी २०१३ मध्ये चुकीची ठरवली होती. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी, ती करणारा गैरवर्तनाचा दोषी मानला जाईल, असं बजावलं. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटलाचं 'वैद्यकीय-कायदेशीर महत्त्व' परत आलं, आणि विरोध झाल्यावर काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. जे पुस्तकातून इतक्या कष्टाने निघतं, ते डॉक्टरच्या मनातून निघायला किती वर्षं लागतील, याचा अंदाज यावरून यावा. आणि ज्या डॉक्टरच्या मनात ते आहे, त्याच्याचकडे मुलगी हायमेनोप्लास्टीसाठी जाते.

'नाक कापलं' असं आपण म्हणतो, आणि एके काळी ते खरोखर कापलं जाई. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत पडला आणि नाक-हात गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिगत छापली, आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचं ते नाक पहिल्या पानावर आहे. तिथेही अब्रूच शिवली होती. पण ते नाक कापणारा शत्रू होता, आणि शिवून घेणाऱ्याला ते लपवावं लागलं नाही. आज घराण्याचं नाक मुलीच्या अशा जागी ठेवलं आहे, जी तिला स्वतःलाही कधी दाखवली गेली नाही.

ब्रिटनने याचा कायदा केला. २०२२ च्या हेल्थ अँड केअर ॲक्टने कौमार्य चाचणी आणि हायमेनोप्लास्टी दोन्ही गुन्हे ठरवले, पाच वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलीला परदेशी नेऊन हे करवण्यास मदत करणंही गुन्ह्यात धरलं. सुट्टीत मुंबईला किंवा कराचीला आणलेली मुलगीही त्यामुळे या कलमाच्या कक्षेत येते. भारतात असा कायदा नाही. तो करावा का, यावर डॉक्टरांत आणि कार्यकर्त्यांत प्रामाणिक मतभेद आहेत. बंदी घातली तर मुलीला जीवे मारण्याची धमकी असलेल्या घरात तिची एक ढाल जाते. मोकळीक ठेवली तर डॉक्टर त्या समजुतीवर शिक्का मारतो. क्रम महत्त्वाचा आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. परीक्षा घेणारा, ती मागणारा आणि 'कौमार्य परत मिळवा' अशी जाहिरात करणारा यांना आधी शिक्षा व्हावी. परीक्षा चालू ठेवून नुसत्या सुईवर बंदी घातली, तर सुई खुराड्यात जाईल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांना रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई केलेलीच आहे. ती पाळली गेली, तरी बाजाराचा आवाज बराच कमी होईल.

उलट्या दिशेचा प्रवासही मुंबईला माहीत आहे, आणि त्यात प्रवाशाची संमती विचारलीच जात नाही. दाऊदी बोहरा समाजात सुमारे सात वर्षांच्या मुलीच्या शिश्निकेवरच्या त्वचेला काप देण्याची रीत, खतना किंवा खफ्ज, अजून टिकून आहे. परदेशात कायदा कडक झाला तशा काही मुली सुट्टीत मुंबईला आणल्या जाऊ लागल्या. 'सहियो' ही संस्था २०१५ मध्ये मुंबईत याविरुद्ध बोलणाऱ्या, मुख्यतः बोहरा, स्त्रियांनी उभी केली. तिच्या पाहणीत उत्तरं देणाऱ्या ३८५ स्त्रियांपैकी ८० टक्के जणींचा काप झालेला होता. भारतात स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयातली याचिका सप्टेंबर २०१८ मध्ये घटनापीठाकडे गेली आणि पुढे शबरीमलाच्या प्रश्नांना जोडली गेली. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायासनाने, ऑक्टोबर २०१९ मध्ये छोटा छेद किंवा टोचणंही गुन्ह्यात बसतं, असं ठरवलं.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत वैद्यकीय कारणाशिवाय लघुभगोष्ठ कापणं हाही स्त्रीजननेंद्रियांच्या विच्छेदनाचा एक प्रकार आहे. मग बँकॉकमध्ये पैसे मोजून केलेली लेबियाप्लास्टी वेगळी कशी? वय आणि संमती, हे नेहमीचं उत्तर. सात वर्षांच्या मुलीबाबत ते निर्विवाद आहे. पण अठरा वर्षांच्या मुलीची संमती मोकळी मानायची तर तिला आधी हे सांगितलं गेलं पाहिजे की तिचं अंग जसं आहे तसं असंख्य जणींचं असतं. ल्युसर्नचे आकडे दाखवल्याशिवाय घेतलेली सही ही पुरी संमती नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच तत्त्व मांडलं: पर्याय, धोके आणि काहीच न केल्यास काय होईल, हे सांगून घेतलेली संमतीच खरी, आणि एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. तो खटलाही एका स्त्रीच्या गर्भाशयाचा होता.

गर्भाशयावरून बीड आठवतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी काढलेली' होती. त्याही प्रवास करणाऱ्याच. कोयता घेऊन साखर कारखान्यापर्यंत. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत खाडा पडला की मजुरी जाते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली गेली आणि पिशवी निघाली. रूपाची शस्त्रक्रिया आणि ही शस्त्रक्रिया यांत पैशाची दरी आहे. पण दोन्हींत बाईला आपल्या अंगात नेमकं काय आहे हे कोणी समजावलं नाही, आणि कापणं सर्वांत आधी सुचवलं गेलं.

खऱ्या गरजेची हकिगत मात्र जुनीच आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले: ९२ टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अंग बाहेर येणं, लघवी न धरता येणं, प्रसूतीत नीट न शिवलेली फाट, वारंवारचा संसर्ग. या दुखण्यांवर योनिमार्गाची शस्त्रक्रिया लागू शकते, ती जीव सुखावते, आणि तिला कुठलाही विमा सौंदर्याची म्हणून नाकारू शकत नाही. तिच्यासाठी कोणी स्टिकर लावत नाही. कुर्ल्याच्या चाळींत आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांत पाण्याचे हंडे उचलत चाळिशी गाठलेली बाई अंग बाहेर आलेलं दहा-दहा वर्षं साडीच्या घडीने सावरून धरते. तिची गाठ पडते ती रांगेशी, पुरुष निवासी डॉक्टरशी आणि पडद्याशिवायच्या टेबलाशी.

तरीही जी जाणार ती जाईल, आणि तिला अंधारात सोडणं योग्य नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव त्या देशाच्या वैद्यक नोंदणीत आहे का, भूल कोण देणार, रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार, हे आधी विचारावं. परतीचं तिकीट डॉक्टरने तपासून होकार दिल्यानंतरच्या तारखेचं असावं. काय कापलं, कुठला दोरा, कुठली औषधं, हे इंग्रजीत लिहिलेलं कागदावर घ्यावं. भारतात रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा नियम आहे. आणि मायदेशी एका डॉक्टरला तरी खरं सांगून ठेवावं.

तक्रारीचं काय, हा प्रश्न सर्वांत कठीण. मुंबईत शस्त्रक्रिया बिघडली, तर कुर्ल्यातली बाई वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागू शकते. २०१९ च्या कायद्याने जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. दवाखाना इस्तंबूलचा असेल तर निकाल लागला तरी वसुली जवळपास अशक्य. पण वसुलीच्याही आधी एक भिंत आहे. बलात्कारपीडितेचं नाव कायदा झाकतो. ग्राहक तक्रारीत तक्रारदाराचं नाव आपोआप झाकलं जात नाही. निकालपत्रावर ते छापलं जातं, संकेतस्थळावर राहतं. ज्या बाईने आईपासून लपवण्यासाठी विमान पकडलं, ती आपल्या योनीच्या टाक्यांविषयीचं निकालपत्र सार्वजनिक होऊ देईल? वाईट शल्यविशारदाला हे पक्कं ठाऊक असतं. ग्राहक आयोगांनी अशा प्रकरणांत नाव गाळण्याचा नियम केला, तर त्याला एक पैशाचा खर्च नाही, आणि अनेक जणी बोलू लागतील.

गुप्तता हवी असणं हा दोष नाही. सेहत या मुंबईच्या संस्थेने आणि महापालिकेने मिळून घरातल्या हिंसेने पिचलेल्या स्त्रियांसाठी 'दिलासा' हे केंद्र काढलं, तेव्हा ते पोलीस ठाण्यात किंवा समाजमंदिरात नव्हे, तर मुद्दाम रुग्णालयात ठेवलं. 'दवाखान्यात जाते' हे बाहेर पडण्याचं असं कारण आहे, ज्यावर सासू संशय घेत नाही. पहिलं केंद्र वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. २००६ मध्ये दुसरं कुर्ल्याच्या भाभामध्ये. बाई केसपेपर काढते, कमरेच्या दुखण्यासाठी म्हणून रांगेत उभी राहते, आणि मग समुपदेशकासमोर बसते. शिवून घेण्याचा विचार करणारी मुलगी, नवऱ्याने 'तू सैल झालीस' म्हटल्याने रडणारी बाई, लग्नाच्या रात्रीच्या भीतीने झोप उडालेली तरुणी, या तिघींसाठी तिथे वेगळी खोली नाही आणि भिंतीवर तसा फलकही नाही. स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की ते रुग्णालय चालत गाठता येतं.